पेशवे घराण्यांतील स्त्रियांचीं पत्रें व दस्तुराचा प्रश्न

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांस राजकारणी पुरुषांच्या पत्रांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, ओढ त्यांच्या घरांतील स्त्रियांच्या पत्रांची असते. गोपिकाबाईंचें किंवा आनंदीबाईंचें एखादें पत्र आपल्या रुमालांत असावें असें कोणास वाटणार नाहीं? अशीं पत्रें थोडीं, म्हणून दुर्मिळ. आणि दुर्मिळ, म्हणून मोलाचीं. परंतु 'बाईंचें पत्र' असें ज्या कागदास आपण सहज म्हणतों, त्यांत बाईंचें म्हणजे नक्की काय असतें, याचा विचार संग्राहकांकडून क्वचितच होतो. पत्रांतील शब्द बाईंचे असतील, हात कारकुनाचा असेल. मूळ पत्र एकाचें असेल, आणि आपणांपुढें आलेला कागद त्याची पुढें केव्हां तरी झालेली नक्कल असेल. या गोष्टी एकमेकींपासून निराळ्या न केल्यामुळें पैशाचें नुकसान तर होतेंच, पण त्याहून मोठें नुकसान इतिहासाचें होतें. तें कसें, हें पेशवे घराण्यांतील स्त्रियांच्या पत्रांच्या आधारें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

(१)

प्रथम हीं पत्रें कोठें सांपडतात तें पाहूं. पत्र हें लिहिणाराच्या घरीं राहत नाहीं. ज्यास लिहिलें त्याच्या घरीं राहतें. यामुळें गोपिकाबाईंचीं पत्रें शोधावयाचीं तर तीं गोपिकाबाईंच्या नांवाच्या दप्तरांत शोधून भागत नाहीं. पुत्रांस लिहिलेलीं पत्रें पेशव्यांच्या दप्तरांत, कारभाऱ्यांस लिहिलेलीं कारभाऱ्यांच्या घरीं, सरदारांस लिहिलेलीं सरदारांच्या वाड्यांत, अशी त्यांची पांगापांग झालेली असते. आलेल्या पत्रांचा जो गठ्ठा बांधला जाई तो कामाच्या किंवा सालाच्या अनुरोधानें. त्यांत बायकांच्या पत्रांस निराळी जागा नसे. पुण्यांतील पेशवे दप्तराचे हजारों रुमाल, वासुदेवशास्त्री खरे यांनीं ज्यांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला तीं पटवर्धनी दप्तरें, नाना फडणिसांचें मेणवलीचें दप्तर, दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं साताऱ्यास जमविलेला आणि १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आलेला संग्रह, या सर्वांत हीच स्थिति आहे.

छापील साधनांची गोष्टहि याहून वेगळी नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' हे खंड काढण्यास आरंभ केला. सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले. या ग्रंथांचे उपकार मोठे आहेत. परंतु मोडी पत्र बाळबोध टाइपांत बसविलें, कीं त्यांतील हात नाहींसा होतो. कारकुनाचें वळणदार मोडी आणि एखाद्या बाईंनीं स्वतः ओढलेल्या चार ओळी छापखान्यांतून एकाच रूपानें बाहेर येतात. म्हणून दस्तुराच्या प्रश्नास छापील खंड अपुरे पडतात. मूळ कागदच पाहिला पाहिजे. मूळ कागद जपणाराचें महत्त्व आहे तें येथेंच.

(२)

या स्त्रियांचीं पत्रें केवळ घरगुती कुतूहलाचा विषय नव्हत. बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी राधाबाई १७३५ सालीं उत्तरेकडे यात्रेस निघाल्या व १७३६ सालीं परत आल्या. वरवर पाहतां हें तीर्थाटन. परंतु पेशव्यांच्या मातोश्रींची वाटेंतील राजेरजवाड्यांनीं कशी बरदास्त ठेविली, यावरून त्या त्या दरबाराचें मन कळत असे, आणि म्हणूनच त्या यात्रेच्या कागदांस राजकीय मोल आहे. वाईच्या रास्ते घराण्यांतून आलेल्या, नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई या तर दोन पेशव्यांच्या माता. २३ जून १७६१ रोजीं नानासाहेब पर्वतीवर वारले. पुढें माधवराव व नारायणराव यांची कारकीर्द त्यांनीं पाहिली, आणि उत्तर आयुष्य नाशिकजवळ गंगापूर येथें काढून १७८८ सालीं त्या वारल्या. नातू सवाई माधवराव लहान असतां त्यांनीं त्यास दिनचर्येविषयीं व वागणुकीविषयीं जें उपदेशपर पत्र पाठविलें तें प्रसिद्धच आहे. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई या १७९४ सालीं नाशिकजवळ आनंदवल्ली येथें वारल्या. त्यांच्या नांवाभोंवतीं जो वाद आहे त्याकडे आपण शेवटीं येऊं.

या स्त्रियांचें पत्र जाई तें बहुधा सत्ता चालविणाऱ्या पुत्रास, दिरास किंवा कारभाऱ्यास. त्यांत प्रकृतीचें वर्तमान, लग्नमुंजीचा विचार व एखाद्या आश्रिताची शिफारस यांच्या मधोमध मोहिमेचा किंवा कर्जाचा विषय येऊन जातो. घरगुती मजकूर म्हणून वरचा भाग गाळून खालचा तेवढा राजकीय मजकूर उतरून घेण्याची जी जुनी संवय आहे, तिनें या पत्रांचा अर्थच निम्मा होतो. कोणाची शिफारस कोणीं केली, हें कळल्यावांचून त्या काळचें राजकारण कळत नाहीं.

(३)

आतां पत्र तयार कसें होई तें पाहूं. मोठ्या घरांत पत्र लिहिणें हें कारकुनाचें काम होतें. मालकानें मजकूर सांगावा, कारकुनानें तो मनांत धरून रिवाजाच्या मायन्यांत बसवावा, प्रसंगीं आधीं मसुदा करावा, तो वाचून दाखवावा, मग साफ पत्र लिहावें, अशी सामान्य रीत. पेशवे स्वतः सुद्धां आपलीं सर्व पत्रें स्वहस्तें लिहीत नसत. महत्त्वाच्या किंवा गुप्त गोष्टीपुरत्या चार ओळी शेवटीं स्वतः लिहिण्याची मात्र चाल होती. पूर्ण पत्र स्वहस्ताचें असेल तर त्यास 'दस्तुर खुद्द' म्हणत. जी रीत पेशव्यांची तीच त्यांच्या घरच्या स्त्रियांची समजावी. बाईंचें पत्र कारकुनाच्या हातचें आहे म्हणून तें खोटें ठरत नाहीं, आणि त्याचें ऐतिहासिक मोलहि कमी होत नाहीं. परंतु तें 'स्वहस्ताक्षर' म्हणून विकणें किंवा विकत घेणें हें मात्र खोटें आहे.

म्हणून संग्राहकानें प्रत्येक पत्रास तीन प्रश्न विचारावे. शब्द कोणाचे? हात कोणाचा? आणि हा कागद तोच आहे, कीं त्याची नक्कल? या तिहींचीं उत्तरें तीन निराळ्या ठिकाणीं शोधावीं लागतात. शब्द कोणाचे हें मायना, नात्याचीं संबोधनें व मजकूर यांवरून कळतें. मजकुरांत क्रियापदाचें स्त्रीलिंगी रूप आलें तर बोलणारी स्त्री आहे एवढें सिद्ध होतें. लिहिणारी स्त्री आहे हें सिद्ध होत नाहीं. हात कोणाचा हें वळणावरून व तुलनेवरून कळतें. कागद मूळ कीं नक्कल हें घड्या, पाठीवरील टिपणें व कागदाचा जीव यांवरून कळतें.

हा गोंधळ केवळ आपल्याकडे होतो असें नाहीं. अमेरिकेंत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींचीं पत्रें जमविण्याची हौस मोठी आहे, आणि तेथील अनुभव आपल्या अगदीं उलट असूनहि तोच धडा देतो. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था (मृत्यु १८०२) यांनीं नवराबायकोंचा जवळजवळ सर्व पत्रव्यवहार जाळून टाकिला. त्यांच्या हातचीं जीं इतर पत्रें राहिलीं त्यांपैकीं कांहींचा मसुदा स्वतः जॉर्ज यांनीं किंवा त्यांचे चिटणीस टोबायस लिअर यांनीं करून दिलेला असून बाईंनीं तो आपल्या हातानें उतरून काढिला आहे. म्हणजे आपल्याकडे शब्द बाईंचे व हात कारकुनाचा, तर तेथें हात बाईंचा व शब्द चिटणिसाचे! दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स व त्यांच्या पत्नी ॲबिगेल यांचीं परस्परांस लिहिलेलीं अकराशेंहून अधिक पत्रें बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटींत एकत्र आहेत. १८४० सालीं त्यांच्या नातवानें आजीचीं पत्रें छापलीं तेव्हां त्यानें तिचें शुद्धलेखन सुधारलें व कांहीं मजकूर गाळला. मूळ पत्रें एकत्र राहिलीं म्हणूनच पुढील संपादकांस ती सुधारणा दूर सारून बाईंचे शब्द जसेच्या तसे देतां आले. जीं पत्रें एकत्र राहिलीं त्यांनीं बाईंस बोलतें केलें. जीं जळालीं त्यांनीं बाईंस मुकें केलें, हा त्यांतील बोध.

(४)

आपल्या पत्रांतील हात ओळखावयाचा कसा? मोडी लिहिणारा कारकून बहुधा आधीं सबंध ओळीची रेघ ओढून घेतो आणि बोरू शक्य तितका कमी उचलून तिच्याखालीं अक्षरें सोडीत जातो. शब्दांमध्यें जागा नाहीं, विरामचिन्ह नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. पेशवाईंतील कारकुनी हातास चिटणिशी, बिवलकरी अशा वळणांचीं नांवें आहेत. तें वळण घोटून घोटून आलेलें असल्यानें एका कचेरींतील दोन कारकुनांचें अक्षर एकमेकांसारखें दिसतें. सराव नसलेला हात याहून लगेच वेगळा दिसतो. रेघ ओळीच्या मध्यें तुटते, बोरू पुनःपुन्हां उचलला जातो, अक्षरांची उंची सारखी राहत नाहीं, रिवाजाच्या संक्षेपांऐवजीं पूर्ण शब्द येतो, आणि शब्द तोंडीं उच्चारल्याप्रमाणें उतरतो.

परंतु येथेंच फसगत होते. कच्चें अक्षर दिसलें कीं 'बाईंचा हात' असा निर्णय देणें सोपें आहे. पण कच्चें अक्षर मुलाचें असूं शकतें, म्हाताऱ्याचें असूं शकतें, आजाऱ्याचें असूं शकतें, आणि मोडी शिकूं लागलेल्या भिक्षुकाचेंहि असूं शकतें. उलट, ज्या स्त्रीस लिहिण्याचा सराव होता तिचें अक्षर चांगलें घोटीव असेल. पोथी वाचणाऱ्या स्त्रीस बाळबोध येत असे, एवढ्यावरून तिला मोडी लिहितां येत असेच असें नाहीं. तेव्हां अक्षर कच्चें कीं पक्कें यावरून कांहींच ठरत नाहीं. ठरतें तें तुलनेनें. पत्रांतच 'हें स्वहस्तें लिहिलें आहे' असा स्पष्ट उल्लेख असलेला, विश्वासू दप्तरांतून आलेला एखादा कागद आधीं मिळाला पाहिजे. त्यास माप मानून दुसरा कागद त्याच्याशीं ताडून पाहावा. असे एकाहून अधिक कागद असतील तर अधिक चांगलें, कारण वीस वर्षांत कोणाचेंहि अक्षर बदलतें. मापावांचून ताडणें म्हणजे तराजूवांचून वजन सांगणें होय.

(५)

हाताच्या आधीं काळ ठरविणें सोयीचें असतें, कारण काळ ठरविण्यास पक्कीं साधनें आहेत. पेशवेकालीन पत्रांत तारीख बहुधा 'छ' या अक्षरापुढें येते. छ म्हणजे चंद्र, अर्थात् मुसलमानी महिन्याची तारीख. साल दिलें असल्यास तें अरबी शब्दांत शुहूर सनाचें असतें. एक उदाहरण घेऊं. कागदावर 'छ ११ जमादिलाखर, सु॥ अर्बा सबैन मया व अलफ' असें आहे. अर्बा म्हणजे ४, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, बेरीज ११७४. शुहूर सनाचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रीं जातो तेव्हां होतो. मृगापासून डिसेंबरअखेर या आंकड्यांत ५९९ व पुढें जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळविले असतां इसवी सन येतो. जमादिलाखर त्या वर्षीं ऑगस्टांत पडला होता, म्हणून ११७४ अधिक ५९९ म्हणजे १७७३. आणि तारीख निघते ३० ऑगस्ट १७७३, शके १६९५ विजयनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध १३. चंद्रदर्शनामुळें एखाद्या दिवसाचा फरक पडतो तो धरून चालावा. आणखी एक मौज ध्यानांत ठेवावी. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असल्यानें शुहूर सनाच्या पहिल्या दहाअकरा दिवसांत आलेली चंद्रतारीख त्याच सनाच्या अखेरीस पुन्हां येऊं शकते. अशा वेळीं मजकुरावरूनच निर्णय करावा.

पुष्कळ घरगुती पत्रांत साल नसतेंच. नुसता चंद्र व महिना असतो. अशा वेळीं कागदाची पाठ कामास येते. पत्र पोंचलें म्हणजे घेणाराचा कारकून त्याच्या पाठीवर 'पैवस्ती' म्हणजे पोंचल्याची तारीख लिही. ही एक ओळ पुष्कळदां सबंध पत्राहून अधिक मोलाची ठरते. पत्र खरोखर गेलें व पोंचलें हें ती सांगते. तें कोणाच्या दप्तरांतलें हें ती सांगते. आणि सालहि सांगते. पैवस्ती नसेल तर कागद मसुदा आहे, नक्कल आहे, कीं धाडलेंच न गेलेलें पत्र आहे, हा विचार आधीं करावा. उपदेशपर पत्रांच्या बाबतींत हें विशेष जपावें. कारण नातवास आजीनें केलेला उपदेश हा मजकूरच असा आहे, कीं तो मागाहून कोणासहि उतरून घ्यावासा वाटावा. अशी नक्कल खोटी नव्हे. पण ती नक्कल आहे.

मायन्यावरूनहि काळाची पारख होते. सुवासिनीस 'सौभाग्यवती' व विधवेस 'गंगाभागीरथी' लिहिण्याचा रिवाज असल्यानें, बाईंना आलेल्या पत्रांत किंवा कागदाच्या पाठीवरील टिपणांत कोणतें पद आहे तें पाहावें. नानासाहेबांच्या मृत्यूनंतरच्या, म्हणजे जून १७६१ नंतरच्या, कागदांत गोपिकाबाईंस 'सौभाग्यवती' म्हटलें असेल, किंवा राघोबादादा डिसेंबर १७८३ मध्यें वारण्यापूर्वीच्या कागदांत आनंदीबाईंस 'गंगाभागीरथी' म्हटलें असेल, तर कागद संशयास्पद समजावा. परंतु नियम पाठ करून चालणाराची सुद्धां येथें एके ठिकाणीं चूक होईल. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं पतीचा मृत्यु मानिला नाहीं आणि वैधव्य स्वीकारिलें नाहीं. १७८३ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्या सुवासिनी म्हणूनच राहिल्या. त्यांच्याविषयींच्या १७६१ नंतरच्या कागदांत सौभाग्याचें पद आढळलें तर तो कागद खोटा नव्हे; उलट एका स्त्रीच्या बावीस वर्षांच्या निश्चयाची ती साक्ष आहे. ज्यास हा इतिहास ठाऊक नाहीं तो खरा कागद खोटा म्हणून फेंकून देईल.

कागद व शाई जुनी आहे एवढ्यानें मात्र समाधान मानूं नये. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाचे कोरे बंद, आणि मोडी लिहिणारे सराईत हात, हे दोन्ही पेशवाईनंतर कित्येक दशकें उपलब्ध होते. १८५२ च्या कायद्यानें इनामांची चौकशी सुरू झाली तेव्हां हक्क शाबीत करण्याकरितां बनावट सनदाहि पुढें आल्या. त्या बनावट कागदांसहि आतां पावणेदोनशें वर्षें होत आलीं. तेहि आतां जुनेच आहेत. कागदाचें वय हें खरेपणाचें प्रमाण नव्हे.

(६)

वर उदाहरणासाठीं जी तारीख घेतली ती मुद्दामच घेतली. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनीं खून केला. पुढें न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून राघोबादादांस दोषी ठरविलें. या प्रकरणीं परंपरेनें सांगितली जाणारी गोष्ट मराठी मुलास मोडी येण्यापूर्वींच ठाऊक होते. दादांनीं सुमेरसिंग गारद्यास 'धरावें' असें लिहून दिलें होतें, आनंदीबाईंनीं 'ध' चा 'मा' करून तें 'मारावें' केलें, असें तिचें स्वरूप. या गोष्टीची भाषेंत म्हण होऊन बसली. परंतु ज्यावर हा फेरफार दिसतो असा मूळ कागद कोणीहि जगापुढें मांडलेला नाहीं. जिच्याविरुद्ध पुरावा म्हणून केवळ एका अक्षराचा हवाला दिला जातो, ती स्त्री अडीचशें वर्षें दोषी ठरलेली आहे. आणि तें अक्षर कोणास दाखवितां येत नाहीं.

आनंदीबाई निर्दोष होत्या असें आम्ही येथें म्हणत नाहीं. तो या लेखाचा विषय नव्हे. आमचा मुद्दा संग्राहकांपुरता आहे. उद्यां कोणी असा कागद घेऊन आला तर त्याची पारख कशी व्हावी? कागद कोणत्या दप्तरांतून निघाला, मूळ आज्ञा कोणाच्या हातची, फेरफार त्याच शाईचा व त्याच बोरूचा आहे कीं निराळा, हें सर्व पाहतां येईल. पण तो फेरफार आनंदीबाईंच्या हातचा, हें एका अक्षरावरून व एका कान्यावरून कोण सांगणार? त्यास माप लागेल. बाईंच्या निःसंशय स्वहस्ताचीं, पैवस्तीसह मूळ गठ्ठ्यांत राहिलेलीं पत्रें हेंच तें माप. अशा पत्रांपैकीं एखादें आज कोणाच्या माडीवरच्या पेटींत असूं शकेल. तें सुटें काढून, पाठ चौकटीच्या पुठ्ठ्यास चिकटवून, दर्शनी भाग कांचेंत बसवून भिंतीवर टांगलें गेलें, कीं तें शोभेची वस्तु झालें. माप राहिलें नाहीं. ज्या बाईंच्या नांवानें तें मोठ्या किंमतीस घेतलें, तिच्यावरील आरोप खरा कीं खोटा हें ठरविण्याचें साधनच आपण हौसेनें नष्ट केलें असें होईल.

(७)

म्हणून संग्राहकांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात.

गठ्ठा मिळाला तर गठ्ठ्यासच हात घालावा. त्यांतील 'बाईंचें' पत्र तेवढें उचलून उरलेले हिशेब व याद्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. पत्रांत ज्याचा उल्लेख आहे तो कारकून त्याच याद्यांत सांपडतो, आणि त्याचें अक्षर एकदां ओळखलें कीं बाईंच्या पत्रांतील हात त्याचा कीं बाईंचा हा प्रश्न सुटतो. एकच कागद मिळाला असेल तर तो कोठून, कोणत्या साली, कोणत्या इतर कागदांसह आला, तें विकणाराच्या तोंडून ऐकून त्याच दिवशीं निराळ्या कागदावर लिहून ठेवावें. मूळ कागदावर शाईनें क्रमांक घालूं नये. फार तर मऊ शिसपेन्सिलीनें कोपऱ्यांत खूण करावी.

घड्या मोडूं नयेत, पाठ झांकूं नये, शाई वाळविण्यासाठीं टाकलेल्या वाळूचे कण घांसून काढूं नयेत. फाटक्या कडेस चिकटपट्टी लावण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. ती आज कागद सांधते आणि पुढें डाग पाडून त्यासच खाते. दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें आणि त्याची एक प्रत संशोधन करणाऱ्या संस्थेकडे द्यावी. मालकी आपली राहते, आणि माप सर्वांस मिळतें.

वर्णन लिहितांना शब्द तोलून वापरावे. 'अमुक बाईंचें स्वहस्ताक्षर', 'अमुक बाईंच्या नांवचें, कारकुनी हातचें', 'शेवटच्या ओळी निराळ्या हातच्या', 'नक्कल' हे चार निरनिराळे दर्जे आहेत. खात्री नसेल तेथें खालचा दर्जा लिहावा. त्यानें किंमत कदाचित् कमी होईल. पण पुढच्या अभ्यासकाची वाट चुकणार नाहीं.

शेवटीं कायद्याचें भान ठेवावें. १९७२ च्या पुराणवस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें ऐतिहासिक मोलाचें, पंचाहत्तर वर्षांहून कमी नसलेलें हस्तलिखित किंवा दस्तऐवज ही पुराणवस्तु ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो, आणि ती खासगी रीत्या देशाबाहेर नेतां येत नाहीं. एखाद्या कागदावर सरकारी दप्तराचा शिक्का किंवा रुमालाचा क्रमांक दिसला, तर तो आपल्या संग्रहांत घालण्याऐवजीं ज्याचा त्यास परत करणें हेंच संग्राहकाच्या प्रतिष्ठेस शोभणारें आहे.

पुरुषांचीं पत्रें हजारोंनीं राहिलीं. त्यांतील दहा हरवलीं तरी त्यांचा इतिहास लिहितां येतो. स्त्रियांच्या बाबतींत तसें नाहीं. गोपिकाबाई, पार्वतीबाई, आनंदीबाई यांना आपण बखरींतून आणि म्हणींतून ओळखतों. त्यांनीं स्वतः काय म्हटलें तें सांगणारे कागद मोजके आहेत, आणि त्यांतील हातानें लिहिलेले त्याहून मोजके. असा कागद ज्याच्या रुमालांत आला त्यानें स्वतःस त्याचा मालक न समजतां त्या बाईंचा कारकून समजावें. सांगितलेला मजकूर जसाचा तसा पुढें पोंचविणें, त्यांत आपल्या पदरचें एक अक्षरहि न बदलणें, एवढेंच कारकुनाचें काम असतें.